खरं सांग, कंदील कोणी केला?

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. रात्रीचे पावणेअकरा. सकाळी नऊला क्लायंट कॉल, सतरा स्लाइड्स अजून बाकी आणि ताईचा फोन. ‘‘अगं, उद्या शाळेत किल्ला न्यायचाय. स्पर्धा आहे. मी आत्ता ग्रुपवर बघितलं! येतेस? तुझा तर असल्या गोष्टींत कायम पहिला नंबर!’’

कायम वगैरे काही नाही हं. एकदाच. २००३ साली, सहावीत.

आठवतंय ना? सहामाही परीक्षा संपली की सुट्टीच्या आधी वर्गात स्पर्धांचा नुसता सुळसुळाट असायचा. हस्ताक्षर, रांगोळी, शुभेच्छापत्र, आकाशकंदील. बक्षीस काय, तर दोनशे पानी वही नाहीतर कंपासपेटी. पण सगळ्या वर्गासमोर आपलं नाव पुकारलं जाणं म्हणजे आपलं ऑस्करच की!

त्या वर्षी मी षटकोनी कंदील करायचं ठरवलं होतं. बांबूच्या कामट्या तासायच्या, दोऱ्याने बांधून चौकटी करायच्या, मैद्याची खळ शिजवायची, त्यात चिमूटभर मोरचूद (नाहीतर झुरळं कागदाची पार्टी करतात), पतंगाचा कागद डकवायचा आणि खाली झिरमिळ्या. माझ्या तीन कामट्या मोडल्या. चौथी हातात घेतली आणि बाबा कामावरून आले. थोडा वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, ‘‘दे इकडे. असं नसतं धरायचं.’’

बाबा कारखान्यात ड्राफ्ट्समन. त्यांची रेघ कधी चुकायची नाही. मी दोऱ्याचं रीळ धरून शेजारी बसले. एक तास, दोन तास. ‘‘कात्री दे.’’ दिली. ‘‘कागद ताण.’’ ताणला. कंदील असा झाला, की अख्खी चाळ बघायला आली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, ‘‘खरं सांग, स्वतः केलास?’’

मी मान हलवली. होकारार्थी.

माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचा कंदील एका बाजूला कलला होता. खळीच्या गुठळ्या कागदातून दिसत होत्या. तिच्या दोन बोटांना पट्ट्या होत्या. तिला काहीच मिळालं नाही. मला कंपासपेटी मिळाली. टाळ्या वाजवताना ती माझ्याकडे बघून मनापासून हसली, ते तर फारच वाईट. ती पेटी दहावीपर्यंत कपाटात पडून होती. आई सगळ्यांना सांगायची, ‘‘बघा, बक्षीस किती जपते!’’ जपत नव्हते हो. उघडवत नव्हती.

तर हे सगळं गिळून मी ताईकडे पोहोचले. आता काम किती सोपं झालंय! पुठ्ठा, रंग, ग्लू गन, सगळं दहा-पंधरा मिनिटांत दारात. मावळ्यांच्या सेटसकट तयार किल्लाही विकत मिळतो. थर्माकोल तेवढा नाही, सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. विषयही एकदम करंट. जुलै २०२५मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्यातला एक करून आणायचा होता. आठ वर्षांच्या भाचीच्या वाट्याला राजगड आला होता.

मी थेट प्रोजेक्ट मॅनेजर मोडमध्ये. राजगडाचा नकाशा डाउनलोड केला, स्केल ठरवलं, पुठ्ठ्यावर पेन्सिलीने आखणी केली. साडेअकराला बालेकिल्ला उभा! स्वतःवरच खूश होऊन मी म्हटलं, ‘‘टेप दे गं.’’

तिने दिली. मग कात्री दिली. मग पुठ्ठा धरला. बराच वेळ ती काही बोललीच नव्हती. मी मान वर करून पाहिलं, तर ती टेपचं रीळ धरून बसली होती. अगदी तशीच.

खरं सांगते, पोटात कसंतरी झालं.

‘‘मावशी, माची म्हणजे काय?’’ तिने विचारलं. मी तीन माच्या मिलिमीटरमध्ये आखल्या होत्या आणि तिला हेसुद्धा सांगितलं नव्हतं! मग मूठ वळून दाखवली. हा बालेकिल्ला, सगळ्यात वरचा. त्याच्या खाली डोंगराच्या ज्या सोंडा पसरतात, त्यांना तटबंदी घालतात, त्या माच्या. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी.

‘‘मग मातीचा करूया ना!’’ ती ओरडली. ताईने कपाळावर हात मारला. बाल्कनीतल्या दोन कुंड्या रिकाम्या झाल्या. जुन्या पोत्याच्या तुकड्यावर चिखल थापला गेला. मी फक्त पाणी ओतत होते आणि ‘दे इकडे’ हे दोन शब्द दातांखाली धरून बसले होते. फार अवघड असतं ते, बॉस! तिची सुवेळा माची जाड झाली, संजीवनी अर्ध्यात खचली. दरवाज्यावर पहारेकरी म्हणून एक हिरवा डायनासोर उभा राहिला. मी ‘‘राजगडावर डायनासोर...’’ एवढंच म्हटलं, तर उत्तर आलं, ‘‘रात्रपाळीला आहे.’’

स्लाइड्स पहाटे चारला उठून पूर्ण केल्या. क्लायंटला काही कळलं नाही.

नंबर? नाही आला. संध्याकाळी भाचीचा फोन आला. ‘‘मावशी, रिक्षातून उतरतानाच माझा किल्ला पडला.’’ माझ्या काळजात धस्स. ‘‘मग?’’ ‘‘मग काय, परत केला. बाटलीत पाणी होतं ना! दुसऱ्या एका मुलाचापण मोडला. तो रडला. त्याला जोडताच येईना, त्याच्या पप्पांनी केला होता.’’

‘आमच्या वेळी बाई असं नव्हतं’ हे वाक्य मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये शंभरदा टाकलंय. आमची मातीतली सुट्टी, आमची हातची कला, आजची मुलं नुसती स्क्रीनवर वगैरे वगैरे. पण माझ्या आयुष्यातला एकमेव पहिला नंबर बाबांचा होता. खळ गेली, ग्लू गन आली. ‘दे इकडे’ म्हणणारं मोठं माणूस मात्र तेव्हाही होतं, आताही आहे. आता ती मी आहे, एवढाच फरक.

त्या रात्री बाबांना फोन केला. इतक्या वर्षांनी कंपासपेटीची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘तुला करायचा होता, ते कळत होतं गं मला. पण आमच्या लहानपणी घरात कंदिलाच्या कागदाला पैसे नसायचे. तुझ्या कामट्या बघितल्या आणि मलाच राहवेना.’’

म्हणजे त्या रात्री आमच्या घरात कंदील करायला आसुसलेली दोन मुलं होती. कामट्यांचा जुडगा एकच होता.

येत्या दिवाळीला दोन जुडगे आणायचं ठरलंय. एक बाबांना, एक मला. माझा वाकडा होणार, हे नक्की. होऊ दे. बल्ब सरळ लावू.