झाकू नका



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. परवा लेकीचा फोन आला. म्हणाली, "आई, तो जुना मीटर काढला बरं का एकदाचा. हीटर मात्र तेच आहेत, तुझ्या वेळचे!" आणि खळखळून हसली. मीही हसले. पण फोन ठेवल्यावर बराच वेळ तशीच बसून राहिले.

तर गोष्ट २०२४ च्या जानेवारीतली. मी एडिनबर्गला लेकीकडे होते. भाड्याचं घर, गॅस नाही, सगळं विजेवर. तिथे दुपारी चारला अंधार पडतो, तो सकाळी साडेआठपर्यंत. घर गरम ठेवायला भिंतीला चिकटून मोठाल्या पेट्या होत्या, स्टोरेज हीटर म्हणतात त्यांना. मला आधी वाटलं, पत्र्याची पेटी आहे, सरकवून मागचा केर काढावा. हलेना! आत विटा असतात विटा. मोठा हीटर शंभर किलोच्याही वर भरतो.

युक्ती मात्र मला फार आवडली. रात्री विजेला मागणी कमी, म्हणून ती स्वस्त. १९७८ मध्ये ब्रिटनमध्ये इकॉनॉमी ७ नावाचा दर आला, रात्रीचे सात तास स्वस्त वीज. त्या वेळात विटा तापवून घ्यायच्या आणि दिवसभर ती ऊब पुरवायची. आमची आजी रात्री चुलीतला विस्तव राखेखाली झाकून ठेवायची आणि सकाळी फुंकर घालून पेटवायची, त्याच जातीची अक्कल ही.

वर दोन बटणं फिरवायला. एक इनपुट, म्हणजे रात्री किती ऊब साठवायची. ते आदल्या दिवशी उद्याच्या थंडीचा अंदाज घेऊन ठरवायचं. दुसरं आउटपुट, त्यानं आतली झडप उघडते आणि साठवलेली ऊब जास्त बाहेर येते. झोपताना ते बंद करायचं, नाहीतर रात्रभर ऊब गळत राहते आणि संध्याकाळी ऐन गरजेला पेटी गार. निम्म्या लोकांची तक्रार एवढ्यावरच मिटते, असं वरच्या मजल्यावरचे आजोबा सांगत. (माझं इंग्रजी बेताचं, त्यांचे उच्चार स्कॉटिश. पण दोन म्हातारी माणसं जिन्यात भेटली की भाषेवाचून काही अडत नाही.)

एके दिवशी नातीच्या खोलीतला हीटर गार पडला. नात तेव्हा अडीच वर्षांची. लेकीला वाटलं मीटरच बिघडला. तो मीटरही अजबच होता. रेडिओवरून इशारा आला की तो हीटरची वीज चालू करायचा. बीबीसी रेडिओ ४ च्या लाँग वेव्हवर, १९८ किलोहर्ट्झवर, बातम्यांच्या आड हा मुका निरोप जायचा. (ही पद्धत बंद करायला ३० जून २०२५ ही तारीख ठरली होती, मग टप्प्याटप्प्यानं बंद करायला घेतली. म्हणूनच लेकीचा मीटर गेला.)

आजोबा म्हणाले, संध्याकाळी चाचपून काही कळायचं नाही, सकाळी सातला हात लावून बघा. बघितलं. बैठकीतला कढत, नातीच्या खोलीतला बर्फ. म्हणजे मीटर ठीक, इशारा येतोय. भिंतीवरचा खटका चालू. इनपुट पूर्ण. म्हणजे दोष पेटीच्या आतच. पेटी उघडायची नाही, हेही आजोबांनी बजावलं. काही पेट्यांना रात्रीची आणि दिवसाची अशी दोन वेगळ्या वाटांनी वीज येते. एक खटका बंद केला म्हणजे सगळं बंद झालं, असं नसतं.

मग एजंटला फोन. तो म्हणाला, यंत्र बिघडलं असेल तर मालकाचा खर्च, तुमच्या वापरामुळे बिघडलं असेल तर तुमचा. माणूस यायला सहा दिवस लागले. तोवर नात बैठकीत आमच्यात झोपायची आणि दिवसा महागड्या विजेवर छोटा पंख्याचा हीटर चालायचा. लेक रोज मीटर बघायची आणि काही बोलायची नाही. ते न बोलणं मला जास्त लागायचं.

इलेक्ट्रिशियन आला, पुढचा पत्रा काढला, आतलं एक छोटं बटण दाबलं. टक्! हीटर फार तापला की वीज तोडणारा तो खटका पडला होता. हे हातानंच पुन्हा चालू करावं लागतं. त्यानं सगळं तपासलं आणि विचारलं, "यावर कोणी काही झाकलं होतं का?"

लेक म्हणाली, "छे, कधीच नाही. आम्हाला माहीत आहे."

आणि मी दारात उभी होते. एवढं इंग्रजी मला कळतं.

नातीसाठी मी गोधडी नेली होती, माझ्या आईच्या लुगड्यांची. एका रात्री ती ओली झाली. मी पिळून अकरा वाजता त्या पेटीवर पसरली, वरची जाळी पूर्ण झाकून. पहाटे उठून काढली, छान वाळली होती. त्या दिवशी पेटीत उरलेली ऊब होती, गार पडली ती दुसऱ्या दिवशी. म्हणून मधला दुवा कोणाच्याच लक्षात आला नाही. पेटीवर 'झाकू नका' असं छापलेलं होतं. मी बत्तीस वर्षं मुलांना "सूचना वाचा" म्हणून सांगितलं.

तो माणूस खटक्यावर बोट ठेवून म्हणाला, यानं आपलं काम चोख केलं. म्हणजे बिघाड झालाच नव्हता! तो पडला नसता तर... खाली दोन हातांवर नातीची खाट होती.

मी बोलले नाही. मालकानं पैसे भरले. वर्गात खडू कोणी फेकला ते कबूल होईपर्यंत अख्खा वर्ग उभा ठेवणारी बाई मी. लेकीचा विश्वास जाईल, पुन्हा नातीला माझ्यापाशी सोडणार नाही, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

लेक हा ब्लॉग वाचते, बहुतेक शनिवारी. गोधडी अजून तिच्याकडेच आहे.