एकसुरी

‘एकसुरी’ हा शब्द आपण निंदेसाठीच वापरतो. व्याख्याता एकसुरी, कादंबरी एकसुरी! मी शिक्षक आणि कादंबरीकारही. तेव्हा दोन्हीकडून हा अहेर माझ्या वाट्याला आलेला आहे. पण एकसुरीपणाची थोरवी मला कळली ती रेडिओच्या दुकानात.

आमच्या बेलापूरच्या नावाचे रेल्वेस्टेशन बेलापुरात नाही. ते आहे श्रीरामपुरात! काही वर्षांपूर्वी आमच्या जुन्या रेडिओचेही असेच झाले. काटा पुण्यावर ठेवावा, तर पुणे लागे भलतीकडेच. त्यात आईची तक्रार, “आवाजही बारीक झालाय रे.”

पेठेतल्या रेडिओवाल्या काकांनी आधी एक पेटी चालू केली आणि चहा मागवला. “हा ऑसिलेटर. तापू द्या, गुरुजी. थंड असताना सूर सरकतो.”

ती पेटी म्हणजे इवलेसे आकाशवाणी केंद्रच. मात्र त्यावर गाणे नाही, बातम्या नाहीत. नुसता एक ‘ऊं’.

“पुणे लावूनच तपासा की!” मी म्हणालो.

“गवई दम घेतो तेव्हा आवाज पडतो. तो त्याच्यामुळे पडला की माझ्या स्क्रूमुळे, हे कसं कळणार? तपासायचं तर एकानं तरी हलता कामा नये.”

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पण काकांनी समजावले ते समजले. कोणत्याही केंद्राची लहर आली तरी रेडिओ तिला आधी एका ठरावीक मापावर उतरवतो. बहुतेक संचांत हे माप ४५५ किलोहर्ट्झ. १९५३ साली सुरू झालेले पुणे केंद्र ७९२ वर. म्हणून संच आपल्या पोटात १२४७ ची लहर निर्माण करतो. दोहोंची वजाबाकी ४५५!

काकांनी पेटी ४५५ वर ठेवली. प्लॅस्टिकच्या पेचकसाने आतला गाभा इकडे वळवला, ‘ऊं’ मंदावला. तिकडे वळवला, तरी मंदावला. “जागच्या जागी आहे,” ते पुटपुटले. मग ६०० आणि १४०० या दोन टोकांना सूर देऊन त्यांनी काटा ताळ्यावर आणला.

“आणि या पेटीची परीक्षा कोण घेतो?”

“पुणेच! गाणं वरखाली होतं, पण ज्या लहरीवर ते बसून येतं ती हलत नाही. केंद्रातला क्वार्ट्झचा स्फटिक तिला धरून ठेवतो.” पेटीची लहर तिच्याजवळ नेली की शिट्टी वाजते, आणखी जवळ नेली की शिट्टी खाली खाली उतरत विरून जाते. म्हणजे दोन्ही जुळल्या. विजेच्या आणि क्वार्ट्झच्या या नात्याचा उगम क्यूरी बंधूंच्या १८८० सालच्या शोधात आहे.

रेडिओ बांधून देताना काका हळूच म्हणाले, “काट्याचा दोष होता, तो काढला. आवाजाला मात्र काहीच झालेलं नव्हतं, गुरुजी. आईंचे कान दाखवून घ्या.”

पैसे देताना माझा हात थांबला. म्हातारपण घरात शिरले होते आणि ते मला एका पेटीने सांगितले होते.

पुढे डॉक्टरांकडे काचेच्या खोलीत आईच्या कानांना तसलाच स्थिर सूर ऐकवला. दर वेळी थोडा अधिक बारीक. ऐकू आला की तिने हात वर करायचा. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “इतका वेळ बसवलं, पण त्या मेल्याला एका सुरापलीकडे काही येईना!”

त्या दिवाळीत अभ्यंगस्नानानंतर तिने कानाचे यंत्र लावून रेडिओचा काटा फिरवला. पुणे पुण्यावरच लागले. क्षणभर ऐकून ती म्हणाली, “केवढ्यानं ओरडतोय! आवाज कमी कर जरा.”