कुणाचं शेत आहे हे?

पावसाळा सुरू झाला, की बेळगावच्या गाड्या पश्चिमेकडे वळतात. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, नाहीतर थेट आंबोली. रविवारी रात्री परतल्यावर साऱ्यांच्या मोबाईलमध्ये तेच धबधबे, तेच धुकं आणि छत्री उलटी झालेली तीच एक वहिनी. यात गैर काही नाही, आम्हीही जातो. कणकुंबीला माउलीच्या देवळाशी मलप्रभेचा उगम पाहून मुलांना हात जोडायला लावतो आणि येताना जांबोटीत गरम भजी खातो. पण मी पडलो भूगोलाचा मास्तर! नुसत्या धुक्यावर माझं समाधान होत नाही.

आपल्या भागाचं खरं नवल वेगळंच आहे. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बेळगाव शहरात बारा-तेराशे. आणि पूर्वेला गोकाक गाठलंत, तर त्याच्या निम्माही नाही. आंबोली ते गोकाक अंतर जेमतेम सव्वाशे-दीडशे किलोमीटर. तेवढ्यात लाल माती काळी होते, भात जाऊन जोंधळा येतो, उतरती कौलं जाऊन मातीची धाबी दिसू लागतात. कन्नडमध्ये याला नेमके शब्द आहेत. मलेनाडू म्हणजे डोंगर-पावसाचा मुलूख, बयलुसीमे म्हणजे उघड्या मैदानाचा आणि दोहोंच्या मधला तो अरेमलेनाडू. आपलं बेळगाव या मधल्या ‘अरे’त, म्हणजे अर्ध्यात, बसलेलं आहे. दोन्हीकडचं थोडं थोडं घेऊन. आमच्या घरासारखंच म्हणा ना! माझी आई वडगावची, तर सौ.चं माहेर गोकाक तालुक्यातलं. मुलांना एकीकडे आजी आणि दुसरीकडे अज्जी.

सासुरवाडीच्या वाटेवर गोकाकचा धबधबा लागतो. जुलै-ऑगस्टात घटप्रभा तिथे ५२ मीटर खाली कोसळते, लालसर गढूळ पाण्यानं, आणि बघ्यांची जत्रा भरते. मला मात्र त्या कड्याचा फोटो उन्हाळ्यात काढायला आवडतं. पाणी नसलं की वालुकाश्माचे थर एकावर एक रचलेले स्पष्ट दिसतात. बेळगावच्या पश्चिमेला काळा बसाल्ट आणि लाल जांभा, आणि इथे हा दगड! लोक कोरडा कडा बघून “काहीच नाही इथं” म्हणत गाडी वळवतात. तिकडे निपाणीची माणसंही असंच म्हणतात, “आमच्याकडे काय बघायचं, तंबाखू?” हिवाळ्यात तवंदी घाटातून खालचे तंबाखूचे रुंद पानांचे पट्टे आणि त्यांच्या कडेनं उसाचे पांढरे तुरे एकदा सकाळच्या उन्हात पाहावेत, मग बोलावं.

सीमेचं काय, असं कुणी विचारेलच. राकसकोप धरणावर उभं राहून पलीकडच्या डोंगरांचा फोटो घेतला, तर अर्धा फोटो चंदगड तालुक्यात जातो. कॅमेऱ्याला त्याचं काही नसतं. मोबाईलला मात्र पूर्वी रोमिंग लागायचं.

पण आज लिहायचं आहे ते याहून जवळच्या जागेविषयी. वडगावहून येळ्ळूरकडे जाणारा रस्ता आपल्या सर्वांच्या परिचयाचा. दोन्ही बाजूंना शिवार, समोर लांबवर राजहंसगड. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर हा सारा बासमतीचा पट्टा. भात पोटरीला आलं, की संध्याकाळी वास रस्त्यापर्यंत येतो. २००२ साली, एम. ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना, मुंबईच्या मामांनी दिलेल्या याशिका कॅमेऱ्यात छत्तीसचा रोल भरून मी पहिल्यांदा तिथे बांधावर उभा राहिलो. छत्तीसांतले पाच फोटो त्या शिवाराचे निघाले. तेव्हा रोल धुवायला खडेबाजारात द्यायचा आणि चार दिवस वाट पाहायची. फुकट एकही फोटो काढायची हिंमत नसे. आई शेजारच्या शेतात भांगलायला आली होती, ती ओरडली, “उन्हात उभं राहून काय फोटो काढूलालास? माणूस न्हाई, काय न्हाई त्यात!”

त्यानंतर त्याच बांधावरून, त्याच दिशेला तोंड करून, दरवर्षी फोटो काढत गेलो. जुलैत चिखलात उमटलेलं आभाळ आणि वाकलेल्या बायकांची रांग. दिवाळीच्या सुमारास पिवळं भात. भात निघाल्यावर, राहिलेल्या ओलीवर पेरलेला मसूर आणि हरभरा जानेवारीत जमिनीलगत हिरवा होतो. त्याला फोटोत पकडायचं तर गुडघ्यावर बसावं लागतं आणि सकाळी आठच्या आत, डावीकडून ऊन येत असताना. मे महिन्यात फक्त ढेकळं. ज्या वर्षी बळ्ळारी नाला फुगला, त्या वर्षीच्या फोटोत शेत नाहीच, नुसतं पाणी आणि बांधावरचं एक झाड. राजहंसगड तेवढा सगळ्या फोटोंत जागच्या जागी. त्याच्या माथ्यावर शिवरायांची मूर्ती आली आणि २०२३ च्या मार्चमध्ये तिचं अनावरण झालं, तेही एकाच आठवड्यात दोनदा, हे आपण वाचकांना सांगायला नकोच!

हे फोटो घरी दाखवले, तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. कॉलेजमधले सहकारी म्हणत, “वा, काय रंग आलाय!” आई तसं कधीच म्हणाली नाही. तिनं चष्मा पुसला, फोटो डोळ्यांजवळ नेला आणि बोट ठेवून सांगू लागली, हा बांध अमक्याचा, ती पड वाटणीत धाकट्याकडं गेली, या कोपऱ्यात विहीर होती ती बुजवली. सासूबाई एकदा दिवाळीला आल्या होत्या. त्यांच्यापुढे तोच फोटो धरला. त्या या शिवारात कधी पाय ठेवलेल्या नाहीत, मराठीही त्यांना जेमतेम येतं. पण पहिला प्रश्न तोच, “यार होलारी इदु?” कुणाचं शेत हो हे? मग दोघी विहिणी त्या एका फोटोवर अर्धा तास बोलत बसल्या. एक मराठीत, एक कन्नडमध्ये. पाणी कुठून येतं, भात किती पोती होतं, गड्याला काय देतात. रंगाविषयी चकार शब्द नाही.

हलगा-मच्छे बायपासचा वाद याच पट्ट्यातला. शेतकऱ्यांची आंदोलनं, कोर्टकचेऱ्या किती वर्षं चालल्या हे सर्वांना ठाऊक आहे. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये पोलीस बंदोबस्तात उभ्या पिकात यंत्रं शिरली. माझ्याकडच्या त्या वर्षाच्या फोटोत मधोमध मुरुमाचा लाल भराव आडवा आहे. त्याच्या अलीकडे पिवळं भात, पलीकडे पिवळं भात. रस्ते नकोत असं म्हणणारा मी नव्हे, गाडी मलाही चालवायची असते. पण वर्षाला दोन पिकं देणारी, वास येणारा तांदूळ पिकवणारी ओली जमीन हीच सर्वांत सोयीची का वाटावी, हे मला भूगोल शिकूनही कळलेलं नाही. आणि रस्ता आला की मागोमाग प्लॉट येतात. माझ्या २००२ च्या फोटोत राजहंसगडापर्यंत एकही घर दिसत नाही. आता गडाचा पायथा दिसावा म्हणून मला शंभर पावलं पुढे जाऊन उभं राहावं लागतं.

हिडकल धरणाचं पाणी उन्हाळ्यात फार ओसरलं, की बुडालेल्या जुन्या हुन्नूरचं विठ्ठल मंदिर वर येतं. फोटो काढणाऱ्यांची तिथे झुंबड उडते. मीही गेलोय. दगडी देऊळ सुंदरच आहे. पण सासूबाई सोबत होत्या, त्या देवळाकडे पाठ करून मोकळ्या गाळाकडे बघत होत्या. तिथे घरं कुठं होती, रस्ता कुठून जात होता, असं त्या एका म्हाताऱ्या धनगराला विचारत राहिल्या. तो हात करून दाखवत होता. दगडाचं देऊळ पाण्यात टिकलं, शेतांचे बांध तेवढे गेले.

गेल्या दोन वर्षांत आईची नजर अधू झाली आहे. म्हणून यंदाच्या मे महिन्याच्या सुट्टीत जुन्या फोटोंचा बुटांचा खोका काढला. ती सांगते आणि मी प्रत्येक फोटोच्या पाठीमागे पेन्सिलीनं लिहितो. बांध कुणाचा, विहीर कुठली, वाटणी कधी झाली. गोकाककडच्या फोटोंवर सौ. आपल्या आईला फोनवर विचारून कन्नडमध्ये लिहिते. काही नावांवर दोन-दोन दिवस अडतो. लेक अकरावीला आहे, हे सगळं स्कॅन करून ठेवायचं तिनं अंगावर घेतलंय. परवा तिनं विचारलं, “बाबा, फोटो एकच बाजूनं स्कॅन करू, की दोन्ही?” दोन्ही बाजूंनी कर म्हटलं. चाळीस झालेत, अजून बराच खोका बाकी आहे.