चिखलातले पाहुणे

‘रविवारी पहाटे साडेचारला उठून चिखल बघायला जाणारा प्राणी’ अशी आमच्या वर्गात माझी ओळख आहे. मित्र म्हणतात, “तू देवळाली कॅम्पचा ना? मग बरोबर आहे!” त्यांचंही चूक नाही म्हणा. इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला ‘डूलाली’ म्हणतात, तो शब्द आमच्याच गावाच्या नावावरून तयार झाला. 1860 च्या दशकात इंग्रजांनी इथे फौजेचा ट्रान्झिट कॅम्प उभारला. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत इथे थांबायचे. जहाजांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. तो चुकला की पुढच्या हिवाळ्यापर्यंत बसा उन्हात! त्यातून काहींची डोकी फिरायची.

माझं डोकं मात्र दुसऱ्याच एका ट्रान्झिट कॅम्पनं फिरवलं. त्याचाही हंगाम नोव्हेंबर ते मार्चच. फक्त तिथे उतरणारे शिपाई पंखांचे असतात. हा कॅम्प म्हणजे निफाड तालुक्यातलं नांदूर मधमेश्वर.

आमच्या घराजवळून वाहणारी दारणा पुढे दारणा सांगवीजवळ गोदावरीला मिळते. गोदावरी आणखी खाली गेली की तिला कादवा भेटते. या दुसऱ्या संगमापाशी 1907 ते 1913 या काळात दगडी बंधारा बांधला गेला. उद्देश एकच, नदीचं पाणी अडवून डाव्या-उजव्या कालव्यांतून कोपरगाव-राहात्याकडच्या शेतीला देणं. पक्ष्यांचा विचार त्या इंजिनियरांच्या स्वप्नातही नसणार. पण पाणी अडलं, त्याचा वेग मंदावला आणि वेगानं वाहून आणलेली माती तळाशी बसू लागली. शंभर वर्षं ती बसतेच आहे. खोल जलाशयाच्या जागी आता उथळ पाणी, बेटं, गवत आणि चिखल. आपल्या पुस्तकाच्या हिशेबानं हा तलाव जवळजवळ ‘नापास’! पण याच नापास तलावावर अडीचशेहून जास्त जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. 1986 मध्ये तिथे अभयारण्य झालं आणि 2020 च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याचं नाव जाहीर झालं. रामसरच्या माहितीत तिथल्या अतिशय धोक्यात असलेल्या जिवांमध्ये एका माशाचं नाव आहे, ‘देवळाली मिनो’. 1938 साली शास्त्रज्ञांनी त्याचं पहिलं वर्णन केलं, ते आमच्या देवळालीच्या दारणेतल्या माशांवरून. ते वाचलं त्या दिवशी उगाच छाती दोन इंच फुगली होती.

हे वेड मला लावलं शेजारच्या हवालदार काकांनी. ते तोफखान्यातून निवृत्त झालेले. आमच्याकडे तोफांच्या सरावाचे आवाज म्हणजे सकाळच्या दूधवाल्याच्या हाकेइतकीच नेहमीची गोष्ट. काकांचं काम तोफेजवळ नसायचं. पुढे कुठेतरी टेकाडावर बसून, गोळा कुठे पडला ते दुर्बिणीतून बघून सांगायचं. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःच्या पैशानं एक दुर्बीण घेतली आणि निशाण बदललं. “आयुष्यभर लांबचं बघून सांगितलं,” ते म्हणतात, “आता लांबचं बघून गप्प बसतो.”

त्यांच्या दुर्बिणीत बारीक रेघा आहेत. पूर्ण वर्तुळाचे 6400 भाग केले की एका भागाला ‘मिल’ म्हणतात. एक मीटरची वस्तू एक किलोमीटरवर साधारण एक मिल एवढी दिसते. पहिल्याच दिवशी काकांनी माझा व्हायवा घेतला. “तो हंस पाऊण मीटर लांब. दुर्बिणीत दीड मिल भरतोय. किती लांब?” मी खिशातला मोबाइल चाचपू लागलो, तसे म्हणाले, “काय रे इंजिनियर, तोंडी नाही येत?” पाऊण भागिले दीड, म्हणजे अर्धा किलोमीटर. सर्व्हेइंगला टॅकोमेट्रीचं अख्खं जर्नल मी (सर्वांप्रमाणेच) उतरवून काढलं होतं. त्यातला स्टेडिया हेअर नेमका काय करतो, ते मला त्या दिवशी एका हंसानं शिकवलं.

हा हंस म्हणजे पट्टकादंब. राखाडी अंग, पांढरं डोकं आणि डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. उन्हाळ्यात तो तिबेट, लडाख, मंगोलियाकडे पिल्लं वाढवतो आणि थंडीत हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. तो सरळ रेषेत खूप उंचावरून उडत असेल असं मला वाटायचं. प्रत्यक्षात तसं नाही. 2015 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांनी या हंसांच्या अंगात छोटी उपकरणं बसवून त्यांची उंची, हृदयाचे ठोके, पंखांची फडफड सगळं मोजलं. तेव्हा दिसलं, की हे पक्षी डोंगराला धरून वर चढतात आणि दरी आली की खाली उतरतात. मिळवलेली उंची अशी फुकट का घालवायची? तर वर हवा विरळ, तिथे तेवढंच उडायला पंखांना जास्त मेहनत पडते. वरच टिकून राहण्यापेक्षा खाली येऊन पुन्हा चढणं स्वस्त पडतं! आपण घाटात गाडी चालवताना पेट्रोलचा एवढा विचार करत नाही.

हंस सर्वांना दिसतात, पण काकांचा खरा जीव चिखलात. “थवा कोणीही बघेल. काठ बघ, काठ!” आणि काठ बघायला लागलो की वेळेचं भान राहत नाही. तिथे प्रत्येकाची खोली ठरलेली आहे. छोटा टिलवा अगदी पाण्याच्या कडेला ओल्या चिखलावर टिपत पळतो. तुतवार जरा पुढे, घोट्याएवढ्या पाण्यात. लाल काड्यांसारख्या पायांचा शेकाट्या त्याच्याही पुढे. आणि पाणटिवळा, ज्याला इंग्रजीत गॉडविट म्हणतात, आपली लांबलचक चोच पार मुळापर्यंत चिखलात खुपसून आतले किडे शोधतो. चोच चिखलात रुतलेली असतानाही तिचं फक्त टोक त्याला उघडता येतं. एकाच काठावर चार जणांचं जेवण आणि भांडण नाही! पण या व्यवस्थेची अट एकच, पाण्याची पातळी. ती वीतभर वाढली तरी टिलव्याचं ताट बुडालं.

या टिलव्याचं वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास. तो येतो थेट उत्तर रशियाच्या बर्फाळ किनाऱ्याकडून. हंसाची पिल्लं पहिल्या प्रवासात आईबापांबरोबर असतात, रस्ता त्यांच्याकडून शिकतात. टिलव्याचं तसं नाही. मोठे पक्षी आधी निघून जातात. पिल्लं मागाहून, कुणी दाखवल्याशिवाय आपापली निघतात. गॉडविटच्याच एका भाऊबंदानं तर 2022 साली कमाल केली. पाच महिन्यांचं ते पिल्लू अलास्काहून निघालं आणि कुठेही न उतरता 11 दिवसांत 13,560 किलोमीटर उडून टास्मानियाला पोहोचलं. आणि आम्ही सुट्टीहून हॉस्टेलला परत येताना स्टँडपर्यंत सोडायला वडील लागतात!

काकांना गेली कित्येक वर्षं एक पक्षी हवा आहे, कलहंस. उत्तर भारतात तो हिवाळ्यात नेहमीचा, पण महाराष्ट्रात क्वचितच उतरतो. डोक्यावर पट्टे नाहीत, चोच आणि पाय गुलाबी. पट्टकादंबांच्या थव्यात चुकून एखादा मिसळलेला असेल, या आशेवर आम्ही दर वेळी एकेक डोकं तपासतो. मागच्या जानेवारीत चापडगावच्या बाजूला मला तो सापडला! थव्याच्या टोकाला एक राखाडी हंस, डोक्यावर पट्टे नाहीत. मी जवळजवळ ओरडलोच. काकांनी दुर्बीण लावली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “चोच बघ. गुलाबी आहे का? आणि मानेची मागची बाजू बघ, गडद आहे. हा पट्टकादंबच. यंदाचं पिल्लू. पट्टे अजून उमटायचेत.”

माझा चेहरा पडला. काकांचा मात्र नाही. “अरे, सात-आठ महिन्यांपूर्वी हा अंड्यात होता. हिमालय ओलांडून आलाय. आणखी किती दुर्मीळ पाहिजे तुला?”

आता खरी गोष्ट सांगतो. इथवरचं लिहून मी थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. पण परतीच्या वाटेवर सायखेड्याला माझी आत्या राहते.

2019 च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला, तेव्हा चांदोरी आणि सायखेडा पाण्यात होतं. मी नववीत होतो. आत्याच्या घरात छातीएवढं पाणी शिरलं. कोठीतला गहू सडला, वह्या-पुस्तकं गेली, आणि पाणी ओसरल्यावर घरात उरला तो चिखल. आम्ही सगळे दोन दिवस फावड्यानं तो उपसत होतो. भिंतीवरची पाण्याची रेघ रंग दिल्यावरही पावसाळ्यात उमटते. त्या जानेवारीत मी आनंदात तिला टिलव्याचं, हंसाचं सांगत होतो. आत्या भाकरी थापता थापता ऐकत होती. मग म्हणाली, “तुझ्या त्या पाखरांसाठीच बंधाऱ्यातला गाळ काढत नाहीत म्हणे. गाळ साचतो, पाणी मागं फुगतं, अन् आमच्या घरात शिरतं. त्यांना चिखल आवडतो, खरंय. आम्हाला नाही आवडत.”

मला उत्तर सुचलं नाही. टी.ई.ला ओपन चॅनल फ्लोमध्ये ‘एम-वन प्रोफाइल’ शिकवतात. बंधाऱ्यामुळे पाण्याची पातळी मागे कुठवर आणि किती चढते, त्याचा तो वक्र. परीक्षेत हमखास आठ मार्कांना येतो. मी तो पाठ केला होता, सुबक काढलाही होता. पण त्या वक्राच्या टोकाला आत्याचं घर आहे, हे मला पुस्तकात कुठेच दिसलं नव्हतं.

बंधाऱ्यानं पाणी फुगतं आणि साठलेल्या गाळानं त्यात भर पडते, हे खरं. पण 2019 चा पूर नुसत्या गाळाचा नव्हता. वर प्रचंड पाऊस झाला, धरणांतून मोठा विसर्ग आला, हेही खरं. मी आत्याला हे सांगितलं. ती म्हणाली, “असेल बाबा.” छातीभर पाण्यात उभं राहिलेल्या माणसाला कारणांची टक्केवारी सांगून काय उपयोग?

दुसऱ्या दिवशी काकांशी वाद घातला. मी म्हटलं, “नदीच्या मुख्य धारेतला गाळ काढायचा, कडेचा उथळ चिखल तसाच ठेवायचा. काम उन्हाळ्यात करायचं, पाहुणे गेल्यावर.” काका म्हणाले, “आणि शेकाट्या? तो इथलाच. उन्हाळ्यात चिखलातच अंडी घालतो. त्याला कुठे पाठवणार?” मी वैतागून विचारलं, “मग काय करायचं?” तर म्हणाले, “मोजायचं. आमच्याकडे पहिला गोळा नेमका कधीच पडत नाही. बघायचं, दुरुस्ती सांगायची, पुन्हा बघायचं.”

मित्रांनो, तेव्हापासून मी चिखल वेगळ्या नजरेनं बघतो. कुठे किती खोल, कुठला पक्षी कुठे उभा, पातळी किती बोटं उतरली की कुठला काठ उघडा पडतो, हे सगळं वहीत लिहितो. गाळाचा कुठला भाग काढला तर आत्याच्या भिंतीवरची रेघ किती खाली येईल आणि कुणाचं ताट जाईल, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच नकाशावर मांडता येतील असं वाटतं. नाही आली तर तेही कळेल.

फेब्रुवारीत पुन्हा आत्याकडे मुक्काम होता. रात्री अंगणात झोपलो होतो. अचानक अंधारातून, अगदी घरावरून, आवाज करत एक थवा गेला. पट्टकादंब रात्री चरायला शेतात उतरतात. मी धडपडून उठलो. आत्या जागीच होती. “आले का? आज उशीर केला त्यांनी,” म्हणाली. मी थक्क! “तुला कसं माहीत?” “रोज जातात. हरभरा खातात मेले.” थोडा वेळ गप्प राहून तिनंच विचारलं, “एवढ्या लांबून येतात म्हणालास ना? तुझं ते बिनपट्ट्याचं पिल्लू असेल का रे त्यात?”

“असेल,” मी म्हटलं.

“इंजिनियर होतोयस ना,” कूस बदलत आत्या म्हणाली, “मग दोघांचं जमेल असं काढ काहीतरी.”

तर बी.ई.च्या प्रोजेक्टचा विषय ठरला आहे. नांदूर मधमेश्वरला पक्षी दाखवणारे गाइड भरपूर आहेत, हवा आहे तो प्रोजेक्टला. कुणी सर तयार असतील तर कळवा, रविवारी पहाटे साडेचारला देवळाली कॅम्पहून निघतो. दुर्बीण काकांची आहे, पण मागितली की देतात.