मोत्याची शिकवणी

मोत्या आमच्या घरी आला तेव्हा अडीच महिन्यांचा होता. आठ दिवसांत त्याने माझ्या वहाणा, पायजम्याचे टोक आणि तपासायला आणलेल्या उत्तरपत्रिका यांचा समाचार घेतला. तो चावला की मी ओरडे. आणि मी ओरडलो की त्याला वाटे, स्वारी खेळायला आली! मग तो दुप्पट चावे.

पिलाचे 28 दुधाचे दात पडून 42 पक्के येईपर्यंत, म्हणजे ते सहा-सात महिन्यांचे होईतो, हिरड्या शिवशिवतात, हे मला मागाहून कळले. मग धोरण बदलले. चावला की खेळ बंद, पाठ फिरवायची. चघळायला गार ओले फडके द्यायचे. आणि शहाण्यासारखा बसला की तत्क्षणी 'शाबास' नि पोळीचा तुकडा. उशीर झाला तर शाबासकी कशाची, हे त्याला उमगत नाही.

महिन्याभरात मोत्या सुधारला. वीस वर्षे लाल रेघा ओढणारा मी दिवसातून पन्नासदा 'शाबास' म्हणू लागलो. एका संध्याकाळी धाकटा वहीतून मान वर न करता म्हणाला, "बाबा, मोत्याचं बरं आहे."

मी पाठ फिरवली. पण ती शिस्तीसाठी नव्हे.