रिग्गई : पाहुण्यांना न दाखवलेलं कुवेत

कुवेत पाहायला आलेल्या पाहुण्यांना आपण काय काय दाखवतो? कुवेत टॉवर्स, मुबारकिया बाजार, ग्रँड मशीद, समुद्राकाठचा रस्ता आणि पाय दुखेपर्यंत ॲव्हेन्यूज मॉल. रिग्गई कुणी दाखवत नाही. दाखवण्यासारखं आहे तरी काय म्हणा! फरवानिया प्रांतातली ही एक राहती वस्ती. मातकट रंगाच्या इमारती, गच्चीवर पाण्याच्या टाक्या, खाली बकाला, दारात खुर्ची टाकून बसलेला हारिस. इथे कोर्टाची मोठी इमारत आहे, त्यामुळे सकाळी फायली घेतलेली माणसं दिसतात. शेजारच्या अल-राईत शुक्रवारचा बाजार भरतो, तिथे गालिच्यापासून पोपटापर्यंत सगळं मिळतं. उन्हाळ्यात दुपारी रस्ते ओस, आणि संध्याकाळ झाली की अरबी, मल्याळी, बंगाली, तगालोग अशा सगळ्या भाषा फुटपाथवर उतरतात. मधूनच 'अहो, दही घ्यायचं राहिलं!' असंही ऐकू येतं, आणि आम्ही मागे वळून पाहतो.

पण रिग्गईची आणखी एक ओळख आहे, आणि ती आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. १९९१ साली कुवेत मुक्त झाल्यानंतरच्या वर्षांत इथे एक खास केंद्र चालत असे, अल-रिग्गई स्पेशलाइज्ड सेंटर. युद्धात होरपळलेल्या, कैदेत छळ सोसलेल्या माणसांच्या मनावर उपचार करणं हे त्याचं काम. पेटवून दिलेल्या सहाशेहून अधिक तेलविहिरींपैकी शेवटची विहीर नोव्हेंबर १९९१ मध्ये विझली. ती सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिली. पण रात्री तीनला दचकून उठणाऱ्या माणसाच्या आतली आग कोण दाखवणार? ती विझवायलाही जागा लागते, माणसं लागतात, हे या वस्तीतल्या एका इमारतीने मान्य केलं होतं.

आता जरा आपल्याकडे वळू. २ ऑगस्ट १९९० ला इराकी रणगाडे कुवेतमध्ये शिरले, तेव्हा इथे पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय होते. त्यात आपली मराठी कुटुंबंही होती. बसमध्ये बसून बसरा, बगदाद करत अम्मान, तिथे तंबूतले दिवस, आणि मग एअर इंडियाचं विमान. जवळजवळ पाचशे उड्डाणं करून ही माणसं मायदेशी नेली. त्या विमानांचा अभिमान आपण नेहमी सांगतो. पण उतरलेल्या माणसांचं पुढे काय झालं, हे कितीदा विचारलं? 'जीव वाचला ना, मग झालं तर!' एवढ्यावर विषय मिटला. आमच्या ओळखीतल्या एक काकू आजही सगळ्यांचे पासपोर्ट एका पिशवीत घालून ती उशाशी ठेवतात. घरातले हसतात. काकूही हसतात. पिशवी मात्र हलत नाही.

एका पिशवीवरून कुणाला आजारी ठरवू नये. पण वाईट प्रसंग संपूनही तो पुन्हा पुन्हा घडत असल्यासारखा वाटणं, झोप उडणं, साध्या आवाजाने अंग ताठ होणं, आणि या सगळ्याने जगणंच अडणं, याला १९८० पासून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत नाव आहे : पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मनाला जडणारा विकार. त्यावर उपचारही आहेत. आघाताच्या आठवणींना हळूहळू सामोरं नेणारी बोलण्याची पद्धत आहे, ईएमडीआर आहे, सर्ट्रालिनसारख्या गोळ्या आहेत. बऱ्याच जणांना यांनी गुण येतो. सगळ्यांना येत नाही. आणि ज्यांना येत नाही, त्यांच्यासाठी जगात सध्या एक वेगळीच वाट चाचपली जात आहे. सायकेडेलिक औषधांची.

ऐकून दचकलात ना? साहजिक आहे. 'ड्रग' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गर्द येतो. अनिल अवचटांचं 'गर्द' आपल्या पिढीने वाचलेलं आहे, पुण्यात १९८६ साली सुरू झालेलं मुक्तांगण आपल्याला माहीत आहे. ती भीती योग्यच आहे, ती सोडू नये. फक्त एक घोटाळा टाळावा. मराठी वर्तमानपत्रांत 'एमडी पकडलं' अशा बातम्या येतात, ते मेफेड्रोन. ज्यावर पीटीएसडीसाठी संशोधन चाललं आहे, ते एमडीएमए. नावं जुळ्या भावांसारखी, पण पदार्थ वेगळे.

या वाटेचा इतिहासही युद्धातूनच जातो. स्वित्झर्लंडमधल्या आल्बर्ट हॉफमन यांना १९४३ मध्ये एलएसडीचा मनावर होणारा परिणाम कळला. पुढे हॉलंडमध्ये लायडन इथे यान बास्तियान्स नावाचे मानसोपचारतज्ज्ञ नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या माणसांवर एलएसडी देऊन उपचार करत. आउशवित्झमधून वाचलेले एक लेखक छावणीची दुःस्वप्नं घेऊन तीस वर्षांनी, १९७६ मध्ये, त्यांच्याकडे गेले होते. तीस वर्षं! आज १९९० ला त्याहून जास्त काळ लोटला आहे. पुढे बास्तियान्स यांच्या पद्धतीवर बरीच टीका झाली, हेही सांगायला हवं.

अलीकडचं काम जास्त काटेकोर आहे. २०२१ मध्ये अमेरिका, कॅनडा आणि इस्रायलमधल्या ९० रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष छापून आले. उपचारांसोबत एमडीएमए घेतलेल्यांपैकी ६७ टक्के लोक शेवटी पीटीएसडीच्या व्याख्येत बसेनासे झाले. नुसती बिनऔषधाची गोळी आणि तेच उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण ३२ टक्के होतं. मग सगळं झालंच की! नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मंजुरी नाकारली आणि आणखी एक चाचणी करा म्हणून सांगितलं. आपल्याला खरं औषध मिळालं की खोटं, हे बहुतेक रुग्णांना लगेच कळत होतं, मग निकालावर भरवसा किती ठेवायचा? शिवाय आधीच्या एका चाचणीत उपचार करणाऱ्यांनीच रुग्णाशी गैरवर्तन केल्याचं उघड झालं होतं. दुसरीकडे ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून खास परवाना असलेल्या मानसोपचारतज्ज्ञांना पीटीएसडीसाठी एमडीएमए आणि हट्टी नैराश्यासाठी सिलोसायबिन, म्हणजे काही अळंब्यांत सापडणारं द्रव्य, देण्याची मुभा दिली आहे. तेव्हा आशा आहे, शिक्का अजून पक्का नाही.

या चाचण्यांत जे 'औषध' आहे ते नुसती गोळी नव्हे, हे आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आधी तयारीच्या बैठका. मग महिन्याच्या अंतराने तीन दिवस, प्रत्येकी आठ तास, शांत खोली, दोन प्रशिक्षित माणसं शेजारी. नंतर जे वर आलं ते समजून घेण्यासाठी पुन्हा बैठका. गोळी दार किलकिलं करते म्हणे. आत हात धरून नेणारं आणि परत आणणारं माणूसच लागतं. ते वगळून कुणी मित्राच्या फ्लॅटवर गोळी घेतली, तर तो उपचार होत नाही.

आणि धोके? स्वतःला किंवा घराण्यात कुणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल, त्यांना अशा चाचण्यांत घेतच नाहीत. एमडीएमएने रक्तदाब, नाडी आणि अंगातलं तापमान वाढतं, म्हणून हृदयरोग्यांना ते धोक्याचं. लिथियम चालू असताना सिलोसायबिन घेतल्याने झटके आल्याच्या नोंदी आहेत. नैराश्यावरच्या काही गोळ्यांबरोबर ही द्रव्यं घेतली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करणं हेही तितकंच घातक. बाजारातल्या गोळीत खरोखर काय आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

आपल्या मुलांपैकी काही जण ऑस्ट्रेलिया, अमेरिका, कॅनडात शिकतात. तिथे हे विषय कॉलेजात मोकळेपणाने बोलले जातात. ती सुट्टीत घरी आली की वरचा सगळा तपशील त्यांच्यापुढे ठेवावा. नुसतं 'छी छी' म्हणून विषय संपत नाही, तो आपल्याशी बोलणं संपतं. आणि विमानात बसण्यापूर्वी त्यांना हेही बजावावं, की कुवेतमध्ये यातलं काहीही जवळ बाळगणं गुन्हा आहे. १९८३ आणि १९८७ चे जुने कायदे जाऊन डिसेंबर २०२५ पासून नवा, जास्त कडक कायदा लागू झाला आहे. 'तिकडे चालतं' हे विमानतळावर ऐकून घेतलं जात नाही.

तीच गोष्ट आपल्या औषधांच्या डब्याची. गावाहून येताना 'शेजारच्या भाऊंची गुडघेदुखीची पाकिटं' किंवा झोपेच्या गोळ्या बॅगेत टाकू नका. ट्रामाडॉल, अल्प्राझोलाम, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध यांवर इथे निर्बंध आहेत. स्वतःची गोळी लागणारच असेल, तर डॉक्टरांची चिठ्ठी, मूळ पाकीट, आणि निघण्यापूर्वी नियमांची चौकशी, एवढं हवंच.

राहता राहिली मनाची गोष्ट. शुवेखच्या सबाह वैद्यकीय विभागात सरकारी मानसिक आरोग्य केंद्र आहे, शहरात खाजगी डॉक्टरही आहेत. आज जे उपचार सिद्ध झाले आहेत, ते तरी आपण कुठे घेतो? नवं औषध येईल तेव्हा येईल. ते आलं तरी पहिली पायरी तीच राहणार, कुणाजवळ तरी तोंड उघडण्याची. मंडळात नव्वद सालची मंडळी अजून आहेत. येत्या फेब्रुवारीत मुक्तिदिनाची सुट्टी लागेल, तेव्हा त्यांच्याकडे चहाला जावं, मुलांनाही न्यावं, आणि विमानाच्या आधी आणि विमानाच्या नंतर काय झालं ते विचारावं. सांगावंसं वाटलं तर ती सांगतील. नाही वाटलं, तर आग्रह करू नये. चहा घ्यावा, आणि पुन्हा जावं.