वेशीवरचा पहारा आणि तपासाचा दाखला

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरमध्ये टॉवर वाढले तशा गेटवरच्या प्लास्टिकच्या खुर्च्याही वाढल्या. त्या खुर्च्यांवर आपल्या वस्त्यांमधली पोरं बारा-बारा तास बसतात. आम्ही कामानिमित्त ज्या घरांत जातो, त्यातल्या बऱ्याच घरांत खुंटीला सिक्युरिटीचा शर्ट लटकलेला दिसतो. त्यातल्याच दोघांनी मध्यंतरी आम्हाला विचारलं, की सिक्युरिटीतल्या तपासाचं सर्टिफिकेट करायचं आहे, करावं का? आम्ही हो म्हणालो. चळवळीतल्या एका ज्येष्ठांना ते रुचलं नाही. म्हणाले, "वेसकरकी सोडवायला बाबासाहेबांनी हयात घालवली, आणि तुम्ही पोरांना परत वेशीवर उभं करता?"

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. महार वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं. कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा यायला मात्र १९५८ साल उजाडलं. पण वतनाची दुसरी बाजूही पाहू. वेसकर फक्त वेस राखत नव्हता. गावात कोण आलं, कोण गेलं, शिवेचा दगड कुठे होता, हे त्याला ठाऊक असे. शिवेच्या भांडणात त्याची साक्ष घेतली जाई. माहिती त्याची, दप्तर मात्र कुलकर्ण्याचं. आमच्या मते खरी गुलामी पहाऱ्याइतकीच या वाटणीत होती.

ती वाटणी आजही मोडलेली नाही. सोसायटीत चोरी झाली की पहिला संशय धुणीभांडी करणाऱ्या ताईवर आणि गेटवरच्या गार्डवर. रजिस्टर गार्डनेच लिहिलेलं असतं, कॅमेरा कुठल्या कोपऱ्यात आंधळा आहे हेही त्यालाच माहीत असतं. चौकशीचा अहवाल मात्र दुसराच कोणी लिहितो, आणि त्यात गार्डचं नाव येतं ते संशयित म्हणून.

कायद्याने गार्ड अडाणी राहू नये. २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखाली प्रशिक्षण सक्तीचं आहे. केंद्राच्या आदर्श नियमांत त्यासाठी १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष मैदानावर, किमान २० कामाच्या दिवसांत, असा हिशेब दिला आहे. प्रथमोपचार, आग विझवणं, ओळखपत्र तपासणं, स्वसंरक्षणाचा हक्क आणि पोलीस ठाण्यात एफआयआर नोंदवण्याची पद्धत, हे सगळं अभ्यासक्रमात आहे. आमच्या ओळखीच्या एका पोराला एका एजन्सीने हा दाखला तीन दिवसांत हातात दिला. तो खूश होता. आम्हाला वाईट वाटलं, कारण गाळलेल्या तासांत एफआयआरचाही तास होता, आणि वस्तीला सर्वांत जास्त गरज त्याचीच आहे.

आता तपासाच्या सर्टिफिकेटबद्दल. गुप्तहेर बनवून देतो म्हणणाऱ्या जाहिरातींना पैसे देऊ नका. खासगी गुप्तहेर संस्थांच्या नियमनाचं विधेयक २००७ मध्ये राज्यसभेत आलं, त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे तसा केंद्रीय परवानाच अस्तित्वात नाही, आणि कुठलंही कार्ड तुम्हाला कोणाच्या फोनचे तपशील काढण्याचा अधिकार देत नाही. उद्योगजगतात मानलं जाणारं एक प्रमाणपत्र म्हणजे एएसआयएस या अमेरिकी संस्थेचं 'प्रोफेशनल सर्टिफाइड इन्व्हेस्टिगेटर'. फी डॉलरमध्ये, आणि दर तीन वर्षांनी नूतनीकरण. व्यावसायिक जबाबदारी, तपासाची तंत्रं आणि प्रकरणाची मांडणी, हे परीक्षेचे विषय.

हे चळवळीच्या काय कामाचं? रमाबाई आंबेडकर नगर आठवा. ११ जुलै १९९७ ला पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव दलाच्या गोळीबारात दहा जण गेले. पोलिसांनी सांगितलं, गॅसचे टँकर पेटवले जाणार होते. टँकर कुठे उभे होते, माणसं कुठे पडली, आधी काय घडलं आणि नंतर काय, हा सगळा मोजमापाचा आणि वेळेचा प्रश्न होता. गुंडेवार आयोगाने टँकरची सबब स्वीकारली नाही. तरीही उपनिरीक्षक मनोहर कदमला सत्र न्यायालयाने दोषी ठरवायला २००९ उजाडलं, आणि पुढे हायकोर्टातून त्याला जामीनही मिळाला. आपल्याकडे घोषणा देणारे होते, गाणारे होते, रडणारे तर घरोघर होते. त्या दिवशी टेप घेऊन अंतर मोजणारे किती होते?

ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्याचा तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, हे आम्हाला माहीत आहे. आपलं प्रमाणपत्र त्याची जागा घेणार नाही. पण तो अधिकारी येईपर्यंत पुरावा वस्तीतच पडलेला असतो. सीसीटीव्हीचं जुनं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. ते वेळेत लेखी मागावं लागतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू नोंदवावी लागते. व्हॉट्सॲपवर दहा ग्रुपमध्ये फिरवलेला व्हिडिओ मूळ फोनमधून डिलीट करून टाकला, की कोर्टात आपण काय दाखवणार? हे ज्याला कळतं असं एक पोरगं प्रत्येक वस्तीत असलं तर पोलीस ठाण्यातलं बोलणं वेगळं होतं.

अडचण फीची आहेच, इंग्रजीचीही आहे. त्यावर वर्गणी आणि अभ्यासवर्ग हे उपाय आपल्याला नवे नाहीत. मोठी अडचण अनुभवाची. परीक्षेला बसायला तपासकामाचा काही वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. त्या दोघांपैकी एक जण मॉलच्या कंट्रोल रूममध्ये आहे. चोरीचं फुटेज तो शोधतो, साक्षीदारांचं म्हणणं तो लिहून घेतो, अहवालाचा मसुदाही त्याचाच. सही सुपरवायझरची. अनुभवपत्रावर शब्द एकच, 'गार्ड'.

म्हणून त्याने आता एजन्सीला लेखी अर्ज दिला आहे, की मी तयार केलेल्या प्रत्येक अहवालावर 'तयार करणार' म्हणून माझं नाव टाकावं. मसुदा आम्ही एकत्र बसून केला. अर्जाची पोच मिळाली आहे, उत्तर अजून नाही. दुसऱ्याने आपल्या साइटवर तोच अर्ज टाइप करायला घेतला आहे.